कौल मिळेपर्यंत

टीचर कुलूप लावायच्या, पण लावलेलं कुलूप स्वतः कधी ओढून बघायच्या नाहीत. घराचं असो, कपाटाचं असो की स्कूटरच्या डिकीचं. किल्ली फिरवायची, दोन पावलं मागे सरायचं आणि जवळ जो कोणी असेल त्याला सांगायचं, "ओढून बघ." शेजारीण असेल तर शेजारीण, रस्त्याने चाललेला पोस्टमन असेल तर पोस्टमन. त्यांच्या वाडीतल्या लोकांना याची इतकी सवय झाली होती की टीचरनी हाक मारायच्या आधीच लोक कुलूप ओढून पुढे जायचे. मी एकदा विचारलं, "टीचर, तुम्हीच का नाही ओढून बघत?" त्या म्हणाल्या, "माझो हात गो. तो माझीच बाजू घेतलो."

आमच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सगळ्या बायका 'मॅडम' होत्या, ह्या एकट्याच 'टीचर'. आधी काही वर्षं त्या मिशनच्या शाळेत होत्या, तिथलं नाव कॉलेजात आलं आणि मग प्राचार्यांपासून कँटीनवाल्यापर्यंत सगळ्यांनी तेच चालू ठेवलं. शिकवायच्या प्राणिशास्त्र. बारीक फुलांचा फ्रॉक, आखूड कापलेले पांढरे केस, बारा महिने हातात काळी छत्री. मी त्याच कॉलेजात ग्रंथपाल. मूळची वालावलची, पण कचेरीत बसले की माझी मालवणी आपोआप आत जाते. टीचरची कधीच जायची नाही. वर्गात स्वच्छ पुस्तकी मराठी बोलायच्या आणि तास संपल्याची घंटा झाली की त्याच वाक्याचा शेवट मालवणीत करायच्या. हळव्या माणसांशी माझं फारसं जमत नाही. टीचर हळव्या नव्हत्या, त्यामुळे आमचं जमलं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नियतकालिक काढलं. नाव 'भरती-सुकती'. सुकती म्हणजे ओहोटी. आमच्या किनाऱ्यावर ओहोटी कोणी म्हणत नाही. वर्षातून एक अंक, नारळी पौर्णिमेला. खाडीतले मासे, कांदळवन, जुन्या होड्या, किनाऱ्यावरची बोली, असे अभ्यासाचे लेख. प्राचार्यांनी सुचवलं होतं की नावात 'संशोधन' हा शब्द असावा, वजन येतं. टीचर म्हणाल्या, "वजन आत घालूया, सर. वर नको." लेख आला की त्या लेखकाला घरी बोलवायच्या, समोर चहा आणि मालवणी खाजा ठेवायच्या आणि लेख मोठ्याने वाचून दाखवायला सांगायच्या. जिथे लेखक स्वतःच अडखळेल तिथे पेन्सिलीची खूण. "तुकाच तोंडात मावणा नाय, तां वाचणाऱ्यान कसां गिळूचा?" त्या खाज्याच्या धाकाने आमच्या कॉलेजातले दोन प्राध्यापक बरं मराठी लिहायला लागले.

छापील अंक थोडे निघत. खरा अंक राहायचा तो आमच्या ग्रंथालयाच्या डिजिटल भांडारात. म्हणजे कॉलेजच्या सर्व्हरवर एक जागा, तिथे सगळे लेख ठेवलेले, जगात कोणीही उघडून वाचावेत. हे भांडार माझ्याकडे होतं. काही वर्षांपूर्वी कॉलेजने संकेतस्थळ बदललं आणि एका दिवसात सगळ्या लेखांचे पत्ते बदलले. त्यानंतर गोव्याच्या एका अभ्यासकाने टीचरना फोन केला की तुमच्याकडचा लेख मी माझ्या पुस्तकात संदर्भाला दिलाय, आता त्या जागी काहीच सापडत नाही. दुपारच्या उन्हात छत्री घेऊन टीचर ग्रंथालयात आल्या आणि माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

"घर हलवलास आणि कोणाक सांगूक नाय?"

मी त्यांना बसवलं आणि यावर उपाय काय असतो ते सांगितलं. प्रत्येक लेखाला एक कायमचा क्रमांक घ्यायचा. त्याला डीओआय म्हणतात. क्रमांक कधी बदलत नाही. क्रमांक देणारी एक संस्था असते, तिच्याकडे आपण नोंदवायचं की या क्रमांकाचा लेख सध्या अमुक पत्त्यावर राहतो. उद्या सर्व्हर बदलला तर संस्थेला नवा पत्ता कळवायचा. वाचणाऱ्याने फक्त क्रमांक लावायचा, तो बरोबर लेखाच्या दारात जातो.

प्राचार्यांना हे समजायला पुढे तीन बैठका लागल्या. टीचर छत्री मिटता मिटता म्हणाल्या, "होडीचो नंबर. होडी मालवणची देवगडाक विकली, मालकान नाव बदलल्यान, रंग बदलल्यान, नंबर तोच."

"तसंच."

"पण कळवूक व्हया."

"हो, कळवायला हवं. आपोआप काही होत नाही."

"आपोआप देवाकय कळणा नाय," टीचर म्हणाल्या. "नायतर गाऱ्हाणी कित्याक घालतत?"

टीचर रोमन कॅथलिक. रविवारी चर्चमध्ये मासला जाणं कधी चुकवलं नाही. पण त्यांच्या घराच्या दोन्ही बाजूंना हिंदू घरं, त्यामुळे लहानपणापासून गाऱ्हाणी ऐकलेली. आमच्याकडे कुठलंही काम काढलं, होडी पाण्यात लोटायची असो की मुलाला मुंबईला पाठवायचं असो, आधी देवापुढे गाऱ्हाणं घालतात. एक जाणता माणूस उभा राहून देवाला सगळं नावनिशीवार सांगतो आणि प्रत्येक वाक्यामागे बाकीचे "व्हय म्हाराजा" म्हणतात. पण टीचरना गाऱ्हाण्यापेक्षा आवडायचा तो कौल. मोठ्या कामाला नुसतं सांगून भागत नाही. देवाच्या मूर्तीवर पाकळ्या लावतात आणि त्यातली उजवी पाकळी पडेपर्यंत कोणी जागचं हलत नाही. ती पडली की होकार. "सांगणारे खूप," टीचर म्हणायच्या, "आयकान घेवक थांबतलो कोण?" विद्यार्थ्याने अर्ज केला म्हटलं की त्यांचा प्रश्न ठरलेला. "गाऱ्हाणा घातलस. कौल घेतलंस?"

दरवर्षी अंक निघाला की क्रमांक नोंदवायच्या दिवशी त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसायच्या. लेखांची माहिती संस्थेकडे पाठवली की आधी एक मेल येतो, तुमची फाइल मिळाली. तो आला की मी उठायला बघायची. टीचर माझ्या साडीचा पदर धरायच्या. "बस, गो ग्रंथपालीण. ही पोच. कौल खंय आसा?" दुसरा मेल येतो थोड्या वेळाने, कधी बऱ्याच वेळाने, त्यात नोंद झाली की नाही ते असतं. तो आल्यावरही त्यांचं समाधान व्हायचं नाही. व्हरांड्यातून कोणाला तरी आत बोलवायच्या, त्याच्या फोनवर एकेक क्रमांक लावायला सांगायच्या आणि लेख उघडला की मगच चष्मा काढायच्या. मला हे सगळं अति वाटायचं. वेळ जायचा. पण बोलून उपयोग नव्हता, आणि त्या खाजा आणायच्या.

मग एका वर्षी अंक निघायच्या सुमारास टीचरच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं आणि त्या म्हापशाला भाचीकडे गेल्या. त्याच वेळी कॉलेजने संकेतस्थळाचं सगळं काम कंत्राटाने बाहेर दिलं, त्यात क्रमांक नोंदवणंही गेलं. खात्याची चावी, म्हणजे पासवर्ड, माझ्याकडून कंत्राटदाराच्या माणसाकडे गेली. नाव सुतार. घाटावरचा, कोल्हापूरकडचा. कामसू, नम्र, प्रत्येक वाक्यात एकदा 'मॅडम'. त्याने अंक चढवला, क्रमांक पाठवले आणि 'फाइल मिळाली' या मेलचा छापील कागद प्राचार्यांना नेऊन दिला. प्राचार्यांनी त्यावर सही केली. काम झालं.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी शमिका ग्रंथालयात आली. आमचीच विद्यार्थिनी, टीचरची लाडकी, हे टीचरनी कधी कबूल केलं नसतं. पीएच.डी. करत होती, खाडीतल्या कालवांवर. कालवं म्हणजे खडकाला चिकटलेली शिंपली. ती मोजायला ही पोर सुकतीच्या वेळा धरून कमरेइतक्या पाण्यात उभी राहायची. त्यातला एक लेख 'भरती-सुकती'त आला होता. प्रबंधासोबत छापून आलेला लेख जोडावा लागतो, तो तिने जोडला होता. विद्यापीठातून मेल आला होता की लेखावर छापलेला क्रमांक अस्तित्वात नाही. असा लेख ग्राह्य धरता येणार नाही. सोमवारपर्यंत खुलासा न आल्यास प्रबंध परत पाठवण्यात येईल.

तिच्यामागून तिची आई आली. मालवणच्या बाजारात मासे विकते. टोपली दारात ठेवून आत आली, ओचा सोडलेला नव्हता, हात मात्र धुऊन आली होती.

"मॅडम, माझ्या चेडवान लिवलेला खोटा म्हणतत?"

मी क्रमांक लावून पाहिला. सापडत नाही. त्या अंकातला दुसरा लेख. सापडत नाही. तिसरा, चौथा. सगळ्या अंकाची तीच गत. एका मुलीचा प्रबंध समोर होता, पण प्रश्न सगळ्या नियतकालिकाचा होता. क्रमांक छापायचा आणि तो नसायचा, ही बनावट नियतकालिकांची खूण असते. मी टीचरना फोन केला. म्हापशाहून येऊन त्यांना आठवडाच झाला होता. त्या रिक्षाने आल्या, डोळ्यांवर काळा चष्मा, हातात छत्री. सगळं ऐकून घेतलं. एकच विचारलं.

"गाऱ्हाणा घातल्यानी. कौल कोणी घेतलो?"

कोणी घेतला नव्हता.

दुसरा मेल कुठे गेला असेल तर तो सुताराच्या खात्यात. आणि शनिवार, त्यामुळे सुतार घरी जायला निघालेला. मी नंबर लावला, टीचरनी फोन माझ्या हातातून काढून घेतला.

"खंय पोचलास?"

"फोंडाघाटला, टीचर. गाडी चहाला थांबलीय. आता निघंल."

"उतर."

"आं?"

"गाडीतसून खाली उतर. वर घाटात चढलस की फोन लागाचो नाय. गाडी दुसरी येतली. चाय पी, पोट भरून पी, पण थंयसून हलू नको."

आणि तो माणूस खरंच उतरला. त्याबद्दल मी सुताराला आजही मानते. त्याने चहाच्या टपरीवर उभं राहून जुने मेल उपसले आणि अर्ध्या तासात म्हणाला, "टीचर, आहे. इथं इंग्रजीत लिहिलंय, नोंद नाकारली. नियतकालिकाचं नाव आधीच्या नोंदीशी जुळत नाही."

"कसां जुळणा नाय? नाव तांच आसा."

मग तो थोडा घुटमळला. "टीचर, मी ते नाव... तुम्ही फॉर्मवर सुकती लिहिलं होतं ना. मला वाटलं टायपिंगची चूक आहे. मी भरती-ओहोटी करून टाकलं. तेच शुद्ध आहे ना?"

शमिकेची आई म्हणाली, "ओहोटी? ह्यां खंयचा आणि काय?"

टीचर शांतपणे म्हणाल्या, "सुतारा, तुझ्या आवशीन तुझा नाव ठेवल्यान, तां मी शुद्ध करूक गेलंय तर?"

"नको टीचर," सुतार म्हणाला.

त्याने पासवर्ड पाठवला. मी फाइल उघडली, ओहोटीची पुन्हा सुकती केली, सगळ्या अंकाची नोंद परत पाठवली. पहिला मेल लगेच आला. फाइल मिळाली. मी टीचरकडे बघितलंही नाही, गुपचूप बसून राहिले.

दुसरा मेल येईना. दुपार उतरत चालली. शनिवारी आमचं ग्रंथालय लवकर बंद होतं, शिपाई दोनदा दारात येऊन गेला. शमिका खिडकीशी उभी राहून नखं कुरतडत होती. मी तिला सांगितलं की ही यंत्राची रांग असते, आपला नंबर यायला वेळ लागतो, काळजीचं कारण नाही. हे मी जितक्या सहजपणे सांगितलं तितकं मला वाटत नव्हतं. पुन्हा नाकारली तर कारण शोधायला सोमवार उजाडला असता.

टीचर उठल्या. छत्री टेबलाला टेकवली. दोन्ही हात पुढे बांधले आणि माझ्या संगणकाकडे तोंड करून, एखाद्या मानकऱ्याच्या थाटात, खड्या आवाजात सुरू झाल्या.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या लायब्ररीत आमी बायलमाणसा जमलो आसव..."

शमिकेच्या आईने एक क्षण माझ्याकडे पाहिलं. मग डोक्यावर पदर घेतला आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा!"

"ह्या आमच्या चेडवान पाण्यात उभ्या ऱ्हवान कालवांचो अभ्यास केल्यान, तो खरो आसा..."

"व्हय म्हाराजा!"

"मदी घाटावरच्या कोणा सुतारान सुकतीची ओहोटी केली आसात, तर लेकरू म्हणान पोटात घाल..."

"व्हय म्हाराजा!" हा शिपायाचा आवाज. तो दारातच उभा होता.

"आणि सोमवारी त्या विद्यापीठातल्या सायबान बटण दाबल्याबरोबर हिचो लेख तेच्या डोळ्यांसमोर उभो कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

शमिका हसायला लागली होती. हसता हसता तिचे डोळे भरले, ते तिने ओढणीने पुसले आणि पुन्हा हसली. टीचर खुर्चीत बसल्या आणि मला म्हणाल्या, "तू तोंड उघडूक नाय ता मी बघितलंय."

मेल त्यानंतर बऱ्याच वेळाने आला. गाऱ्हाण्याचा आणि त्याचा काही संबंध नाही, यंत्राची रांग संपली म्हणून आला. सगळे लेख नोंदले गेले, नाकारलेला एकही नाही. मी तो मोठ्याने वाचला. माझा आवाज किंचित वर गेला असावा, कारण टीचरनी हाताने मला खाली बसण्याची खूण केली.

"थांब. ओढून कोणी बघूक नाय अजून."

मी माझा फोन काढला. "तुझो नको," टीचर म्हणाल्या. शमिकेने तिचा काढला. "तुझोय नको." त्यांनी शमिकेच्या आईकडे हात केला. त्या बाईने कनवटीची पिशवी सोडून त्यातून फोन काढला, काचेला कोपऱ्यात तडा गेलेला, कव्हरला माशांचा वास. शमिकेने क्रमांक टाकला. पान उघडायला वेळ लागला, आमच्या ग्रंथालयात नेटवर्क तसंही धड नाही. मग उघडलं. वर 'भरती-सुकती', त्याखाली कालवांवरच्या लेखाचं नाव, त्याखाली शमिकेचं.

आईने फोन डोळ्यांजवळ नेला. तिला वाचता येत होतं, पण तिने बोट धरून एकेक अक्षर वाचलं, बापाच्या नावासकट. मग म्हणाली, "आसा मां हो लेख. खोटो कसो?"

टीचरनी काळा चष्मा काढला. ऑपरेशन झालेला डोळा लाल होता, त्यातून पाणी येत होतं. औषधाचं असेल.

सोमवारी विद्यापीठाने लेख मान्य केला. शमिका आता आमच्याच कॉलेजात शिकवते. पासवर्ड मी प्राचार्यांना सांगून परत माझ्याकडे घेतला. सुताराने स्वतःहून एक गोष्ट केली. त्याच्या संगणकावर त्याने कागदाची पट्टी चिकटवली आहे, 'सुकती हाच शब्द'. आणि मी आता पोच आल्यावर खुर्चीतून उठत नाही. दुसरा मेल येईपर्यंत बसते, तो आला की व्हरांड्यातून कोणाला तरी आत बोलावते आणि त्याचा फोन मागते. नवीन मुलांना हे अति वाटतं. वाटू दे.

पुढे टीचरची नजर आणखी उतरली. एकटीने राहणं जमेना, आणि भाचीने शेवटी त्यांना म्हापशाला कायमचं नेलं. त्या कशा जातील याची मला काळजी होती, मनात नव्हतं त्यांच्या. पण टीचर घर हलवताना जशा वागल्या तसं मी कोणाला वागताना पाहिलेलं नाही. फादरना जाऊन सांगितलं, दोन्ही शेजाऱ्यांना सांगितलं, पोस्टात, बँकेत, गॅसवाल्याकडे सांगितलं. बाजारात जाऊन शमिकेच्या आईला सांगितलं. शेजाऱ्यांनी आपल्या देवापुढे त्यांच्यासाठी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा त्या अंगणात उभ्या राहिल्या आणि कौल उजवा पडेपर्यंत हलल्या नाहीत.

निघायच्या दिवशी मी गेले होते. सामान गाडीत गेलं. टीचरनी दाराला कुलूप लावलं, दोन पावलं मागे सरल्या. अंगणात आम्ही बरेच जण होतो. त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"गो ग्रंथपालीण. ओढून बघ."

मी ओढलं. घट्ट होतं. मी तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि गाडीत बसल्या.

चार दिवसांनी दुपारी ग्रंथालयात माझ्या फोनवर संदेश आला. भाचीने टाइप केला असणार, शब्द टीचरचे. 'घर नवा. पत्तो खाली दिलेलो आसा. नंबर तोच. लागता काय बघ.'

मी हातातलं काम बाजूला ठेवलं. मग माझ्या फोनवरून न लावता समोर वर्तमानपत्र चाळत बसलेल्या एका सरांचा फोन मागून घेतला आणि नंबर फिरवला. दोन-तीन रिंग झाल्या.

"कोण?" पलीकडून टीचरचा आवाज आला, खणखणीत.

"मी, टीचर. लागला."

"कोणाचो फोन?"

"दुसऱ्याचा."

मग त्या म्हणाल्या, "शिकलस. ठेव आता. कामां पडली आसतली."

होतीच. मी फोन ठेवला, सरांना परत दिला आणि कामाला लागले.